आतलं अस्वल

एकतीस हिवाळे मी या तळघरात
नव्या पुस्तकांना कपडे घालते आहे.
वर डुलूथ गाव, गावाच्या पायाशी तळं
(तळं आपलं म्हणायचं;
पलीकडचा काठ इथून कुणाला दिसलाय?)
आणि छताजवळच्या खिडकीतून
नुसते बूट, बर्फ, कुत्र्यांचे पाय.

काम तसं सोपं.
खोक्यातून पुस्तक काढा. जॅकेट उतरवा.
ते पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये सरकवा,
हाडाच्या पट्टीनं घडी दाबा,
पुन्हा चढवा, आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी.
मग सांडू दे दूध, लागू दे जॅम,
फुटू दे कुणाचं नाक ऐन गोष्टीत.
जॅकेट सोसतं.
म्हणून तर ते असतं, असं मला पहिल्या दिवशी सांगितलं.

पण उतरवणं आणि चढवणं
यांच्या मधे दहाएक सेकंद
पुस्तक माझ्यासमोर उघड्या अंगानं असतं.
बहुतेकांच्या आत तेच चित्र, जुळ्यासारखं.
कित्येकांच्या आत नुसतं कापड,
कोपऱ्यात सोनेरी शिक्क्याची चिमणी, संपलं.
आणि शंभरात एखाद्याच्या आत
चित्रकारानं कुणाला न सांगता ठेवलेलं
भलतंच काही.

जॅकेटवर बर्फात बसलेलं अस्वल,
डोळे टक्क, झोप येत नाही म्हणून रुसलेलं.
बत्तीस पानं ते झोप शोधतं,
शेवटच्या पानावरही जागंच.
लहान मुलं तिथे हमखास विचारतात, मग?
त्या ‘मग’चं उत्तर पुठ्ठ्यावर होतं.
अक्षर नाही, किंमत नाही, नाव नाही.
फक्त निळी रात्र, आणि पोटात नाक खुपसून
गाढ झोपलेलं ते.
मी पाहिलं. छान, म्हटलं.
आणि त्याच्यावर चिकटपट्टी लावली.

फेब्रुवारीत पाकू आली, सात वर्षांची,
आई मागे, हातात पर्स उघडून धरलेली.
जॅकेट वेगळं, पिशवीत, तीन तुकडे.
धाकट्या टोऊनं फाडलं, आई म्हणाली,
म्हणजे तशी खूण केली,
आणि पाकूनं तिचं हमोंग माझ्यासाठी इंग्रजी केलं,
अर्धंच. उरलेलं तिला स्वतःलाच सांगायचं होतं.

‘आत ते झोपलंय,’ ती म्हणाली.
‘टोऊला आधी सापडलं. आता रोज रात्री
तो पुस्तक वाचू देत नाही,
सरळ कातडं काढतो आणि म्हणतो, श्श.’
मग माझ्याकडे बघून,
‘तुला माहीत होतं?’

हो, मी म्हणाले.
खोटं बोलता आलं असतं.
‘मग सांगितलं का नाही कुणाला?’

माझ्याकडे नियम होता, छापील, भिंतीवर.
मुलांच्या पुस्तकांचं आयुष्य
सरासरी सव्वीस वाचनं,
जॅकेट चिकटवल्यास साठ.
मी तिला तो वाचून दाखवला नाही.
आईच्या पर्समधलं काही घेतलं नाही.
नोंदवहीत लिहिलं: झीज, नेहमीची.

त्या आठवड्यात आलेल्या एकवीस पुस्तकांपैकी
चारांच्या आत काहीतरी होतं.
एकात कोल्ह्याची पाठमोरी शेपटी,
एकात रिकामी खुर्ची, जिचा अर्थ मला अजून लागलेला नाही.
त्या चारांची उजवी बाजू मी
चिकटवायची विसरले.

त्यातलं एक दहा दिवसांत परत आलं,
जॅकेटशिवाय, ओलं,
कुणीतरी चावलेलं.
साहेबांनी चिठ्ठी लावली, इंगेबोर्ग, हे काय?

मी ते रेडिएटरवर वाळत ठेवलंय.
कोल्ह्याची शेपटी थोडी फुगली आहे,
शोभते तिला.
चिठ्ठीचं उत्तर उद्या देईन.
वरच्या खिडकीतून आत्ताच
बुटांचा एक छोटा जोड धावत गेला,
लेस सुटलेली.